राजदंडाच्या खुणा आणि लोकांच्या चळवळी



राजानें शस्त्र धरावें तें प्रजेच्या रक्षणासाठीं, असें आपलें जुनें नीतिशास्त्र सांगतें. तेंच शस्त्र प्रजेवर चालविलें गेलें म्हणजे काय होतें, हें इतिहासाच्या शालेय पुस्तकांत बहुधा एका वाक्यांत आटोपलेलें असतें : बंडाचा बीमोड झाला आणि शांतता प्रस्थापित झाली. हें वाक्य मुलांना चटकन् पाठ होतें, हा माझ्या शिक्षकी पेशांतला अनुभव आहे. परंतु खरा इतिहास पुष्कळदां या वाक्याच्या पूर्णविरामापासूनच सुरू होतो. शांतता नांदूं लागल्यावर लोक मनांत काय आठवीत राहतात, आणि ती आठवण पंचवीस, पन्नास किंवा शंभर वर्षांनीं कोणतें रूप घेऊन रस्त्यावर येते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. उदाहरणें मीं मुख्यतः करवीर राज्यांतलीं व आसपासच्या मुलखांतलीं घेतलीं आहेत; कारण या बाबतींत आमच्या कोल्हापुरापाशीं सांगण्यासारखें पुष्कळ आहे.

आरंभ १८४४ सालापासून करूं. त्या वेळीं करवीरचा कारभार इंग्रजांच्या इच्छेनें दाजी कृष्ण पंडित यांच्या हातीं गेला होता. गडकरी म्हणजे किल्ल्यांवर वंशपरंपरेनें राहणारी शिबंदी. गडाची राखण करावी आणि त्याबद्दल लाविलेल्या जमिनींवर पोट भरावें, हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. नव्या कारभारानें या जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखालीं आणल्या. कागदावर ही केवळ हिशेबाची सुधारणा होती. गडकऱ्यांच्या लेखीं तो पोटावर व प्रतिष्ठेवर एकदम झालेला घाव होता. जुलै महिन्यांत सामानगड व भुदरगड येथील गडकऱ्यांनीं दरवाजे बंद केले. इंग्रजी फौजेनें १३ ऑक्टोबर रोजीं सामानगड घेतला, १ डिसेंबर रोजीं पन्हाळा घेतला. उठावाचे एक पुढारी बाबाजी अहिरेकर पन्हाळ्यावर पडले. यानंतर शिबंदी मोडण्यांत आली, किल्ल्यांची तटबंदी निकामी करण्यांत आली आणि मोहिमेचा खर्च करवीर राज्याच्याच माथीं मारण्यांत आला. पन्हाळ्याचा चार दरवाजा त्याच वेळीं पाडला गेला. आज सहलीला जाणारीं कुटुंबें त्या भग्न अवशेषांजवळून जातात. पण तो कालमानानें ढासळलेला नसून शिक्षा म्हणून पाडलेला आहे, हें त्यांतल्या फारच थोड्यांच्या ध्यानांत येतें.

तेरा वर्षांनीं, ३१ जुलै १८५७ च्या रात्रीं, कोल्हापुरांत असलेल्या २७ व्या देशी पलटणीनें उठाव केला. कर्नल ले ग्रँड जेकब यानें येऊन पलटणीचीं शस्त्रें काढून घेतलीं आणि लष्करी न्यायालय बसविलें. कोणी फांशी गेले, कोणी गोळीनें मारले गेले, कोणास तोफेच्या तोंडीं दिलें गेलें. डिसेंबरच्या आरंभीं शहरांतल्या लोकांनीं वेशी बंद करून पुन्हां प्रतिकार केला. जेकबनें वेस फोडून आंत प्रवेश केला आणि पुन्हां तीच शिक्षा झाली. छत्रपतींचे धाकटे बंधु चिमासाहेब यांना १८५८ सालीं कराचीस नेऊन ठेवण्यांत आलें, आणि १८६९ सालीं तेथेंच त्यांचा अंत झाला.

या शिक्षा उघड्यावर, सर्वांच्या देखत कां दिल्या जात? गुन्हेगाराचा प्राणच घ्यावयाचा तर तो तुरुंगाच्या भिंतींआडहि घेतां येतो. त्या शिक्षेचा खरा रोख मरणाऱ्याकडे नसतो, पाहणाऱ्याकडे असतो. लोकांनीं हें दृश्य विसरूं नये, अशीच राज्यकर्त्यांची इच्छा असते. म्हणजे दहशत हीहि एक स्मृतिच झाली, आणि तिचा पहिला कर्ता स्वतः राज्यकर्ताच असतो. फरक इतकाच, कीं त्या स्मृतीचा अर्थ काय लावावयाचा हें त्याच्या हातीं राहत नाहीं. 'पुन्हां डोकें वर काढाल तर असें होईल,' हा अर्थ तो लोकांच्या मनावर कोरूं पाहतो. लोक कांहीं काळ तोच अर्थ मानतात, मुलांना हळू आवाजांत तोच सांगतात. पण एक पिढी उलटली कीं त्याच हकीकतीला दुसरा अर्थ येऊं लागतो : 'त्यांना आपली भीति वाटली, म्हणून त्यांनीं असें केलें.' भीतीच्या गोष्टीची अभिमानाची गोष्ट होते ती या ठिकाणीं. माझ्या मतें सामाजिक चळवळीच्या इतिहासांत या पालटाइतकी महत्त्वाची घटना दुसरी नाहीं, आणि तिची नोंद कोणत्याहि दप्तरांत सांपडत नाहीं.

याचा पहिला दाखला १८८२ सालीं मिळतो. चवथे शिवाजी महाराज वयानें लहान; त्यांना वेडे ठरवून त्यांचा छळ होत आहे अशी वार्ता सर्वत्र पसरली होती. 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनीं दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध मजकूर छापला. ज्या पत्रांचा आधार त्यांनीं घेतला होता तीं न्यायालयांत बनावट ठरलीं, आणि टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकीं १०१ दिवस त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत काढले. पत्रें बनावट होतीं. मग इतक्या लोकांचा त्यांवर विश्वास कां बसला? कारण चिमासाहेबांना दूर देशीं नेल्याला तेव्हां अवघीं चोवीस वर्षें झालीं होतीं. ज्या प्रजेनें आपल्या राजघराण्यांतला एक पुरुष डोळ्यांदेखत नाहींसा झालेला पाहिला, तिला दुसऱ्याविषयींची कोणतीहि वाईट वार्ता खरी वाटणार. पुढें २५ डिसेंबर १८८३ रोजीं अहमदनगरच्या किल्ल्यांत, गोऱ्या रक्षकाशीं झालेल्या झटापटींत, महाराजांचा मृत्यु झाला आणि लोकांच्या संशयाला जणूं दुजोराच मिळाला. स्मृतीचें बळ आणि स्मृतीचा धोका या एकाच प्रकरणांत शेजारीं शेजारीं दिसतात. ती माणसाला अन्यायाची चाहूल लौकर देते. पण बनावट कागदहि खरा मानावयास लावते. तथापि एक गोष्ट पक्की झाली. दरबारांत जें बोलतां येत नव्हतें तें पुण्याच्या छापखान्यांतून बोललें गेलें, आणि कोल्हापूरचें दुःख हें साऱ्या महाराष्ट्राचें झालें.

संस्थानी प्रजेला स्वतःचें व्यासपीठ मिळावयास मात्र १९३९ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं ६ फेब्रुवारी रोजीं जयसिंगपूर येथें प्रजापरिषदेची स्थापना झाली. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार हे तिचे पुढारी. १९४२ च्या आंदोलनांत कोल्हापुरांत जें घडलें तें या तयारीमुळें. शहराच्या मध्यवर्ती चौकांत मुंबईचे माजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. १९४२ सालीं भागीरथीबाई तांबट व जयाबाई हविरे या दोन स्त्रियांनीं तो विद्रूप केला, आणि १९४३ सालीं तरुणांच्या एका तुकडीनें तो फोडला. १९४५ सालीं त्याच जागीं छत्रपति शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. ज्या नगरीच्या वेशी तोफेनें उघडल्या गेल्या होत्या, त्या नगरीनें आपल्या चौकांत कोण उभें राहावें याचा निर्णय आतां स्वतः घेतला.

१३ डिसेंबर १९४२ ची गारगोटीची हकीकत याहून गंभीर आहे. करवीरय्या स्वामी यांच्या नेतृत्वाखालीं क्रांतिकारकांची एक तुकडी तेथील सरकारी कचेरीवर व खजिन्यावर चालून गेली. गोळीबारांत सात जण पडले. गारगोटी हें गांव भुदरगडाच्या परिसरांतलें. ज्या डोंगरावर १८४४ सालीं गडकऱ्यांनीं दरवाजे लावून घेतले होते, त्याच्याच छायेंत ९८ वर्षांनीं हे सात जण पडले. मात्र दोन प्रसंगांत एक मोठा भेद आहे. १८४४ व १८५७ मध्यें मारल्या गेलेल्या सामान्य शिपायांचीं व रयतेचीं नांवें आज आपल्या ओठांवर नाहींत; आपण चिमासाहेबांचें नांव घेतों, कारण ते राजघराण्यांतले. गारगोटीचे सात जण मात्र खेड्यांतलीं साधीं माणसें असूनहि नांवानिशीं राहिले. त्यांची तिथि पाळली जाते, त्यांचें स्मारक उभें आहे, आणि त्याच भुदरगड तालुक्यांत स्वामी आणि वारके या दोन हुतात्म्यांच्या नांवांची सहकारी सूतगिरणी निघाली. राजाचें नांव किल्ल्याला असतें. शेतकऱ्याच्या मुलाचें नांव सूतगिरणीला लागावें, हा शंभर वर्षांत झालेला मोठाच पालट होय.

स्वराज्य आल्यावर हा विषय संपला असें वाटणें साहजिक होतें. गोळी घालणारा परका होता, तो गेला. आतां गोळी कोण घालणार? या प्रश्नाचें उत्तर १९५५-५६ सालीं मिळालें, आणि तें अतिशय दुःखद होतें. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठीं २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं मुंबईंत निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. पंधरा माणसें मृत्युमुखीं पडलीं. १६ जानेवारी १९५६ च्या रात्रीं पंतप्रधान नेहरूंनीं मुंबई केंद्राच्या ताब्यांत राहील असें जाहीर केलें. ती घोषणा नभोवाणीवरूनच झाली. घराघरांत, दुकानांच्या फळीवर, याच यंत्राभोंवतीं जमून लोकांनीं ती ऐकली. त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईंत पुन्हां पुन्हां गोळीबार झाले. १७ जानेवारी रोजीं बेळगांवांत सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. पैलवान मारुती बेन्नाळकर यांचें नांव त्या दिवसाशीं जोडलेलें आहे. सीमाभागाच्या त्या लढ्यांतील हुतात्म्यांत निपाणीच्या कमळाबाई मोहिते यांचेंहि नांव घेतलें जातें.

येथें एका शब्दाकडे श्रोत्यांचें लक्ष वेधतों. 'हुतात्मा' हा शब्द तोंवर परकीय सत्तेशीं झुंजतांना प्राण देणाऱ्यांसाठीं वापरला जाई. १९५६ मध्यें तोच शब्द स्वकीय सरकारच्या गोळीनें मेलेल्या गिरणी कामगाराला, विद्यार्थ्याला, फेरीवाल्याला लोकांनीं बहाल केला. कोणी ठराव केला नाहीं, कोणी परवानगी मागितली नाहीं. या एका शब्दानें लोकांनीं सरकारला असें बजावलें, कीं अन्याय हा करणाऱ्याच्या रंगावरून ठरत नाहीं. ४२ सालच्या लढ्यांत तुरुंगांत गेलेलीं माणसें या चळवळींतहि पुढें होतीं. त्यांना तो शब्द उच्चारण्याचा अधिकार होताच. प्रथम १०५ म्हणून मनांत ठसलेली मृतांची संख्या पुढें १०६, १०७ अशी सांगितली जाऊं लागली. नांव सुटूं नये म्हणून लोक इतके जपत होते, असाच मी त्याचा अर्थ करतों.

आणि या स्मृतीनें लोकांना केवळ पेटविलें नाहीं, शिस्तहि शिकविली. १९५७ च्या निवडणुकींत पश्चिम महाराष्ट्रानें मतपेटींतून उत्तर दिलें. त्याच वर्षीं ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवपुतळ्याच्या अनावरणास आले, तेव्हां वांई व पसरणीच्या घाटांत हजारों लोक काळीं निशाणें घेऊन उभे राहिले. दोन वर्षांपूर्वीं सांडलेलें रक्त सर्वांच्या मनांत ताजें होतें. दगड उचलावयास निमित्त पुरेसें होतें. तरीहि तीं निदर्शनें शांततेनें पार पडलीं. गोळीबार आठवणारा जमाव नेहमींच सूडाकडे वळतो असें मानणाऱ्यांनीं हा प्रसंग अवश्य अभ्यासावा. आपल्या एका दगडानें समोरच्याला पुन्हां गोळी झाडण्याचें निमित्त मिळतें, हा धडाहि मेलेल्यांनींच जिवंतांना दिलेला असतो. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें, आणि मुंबईच्या फ्लोरा फाउंटनजवळ मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचें स्मारक उभें राहिलें.

सीमाभागाला मात्र तो आनंद लाभला नाहीं. म्हणून तेथील स्मृति आजहि उघड्या जखमेसारखी आहे. दर १७ जानेवारीला बेळगांवच्या हुतात्मा चौकांत लोक जमतात. १९८६ सालीं कन्नड-सक्तीविरुद्धच्या आंदोलनांत झालेल्या गोळीबारांत नऊ जणांचे प्राण गेले; त्यांच्यासाठीं १ जून रोजीं हिंडलग्यास वेगळें अभिवादन होतें. एकाच मागणीच्या दोन तिथि झाल्या. नातवंडें त्या दिवशीं जीं नांवें ऐकतात तीं त्यांच्या आजोबांनीं खांद्यावरून नेलेल्या माणसांचीं असतात. प्रश्न न्यायालयांत कितीहि वर्षें पडून राहो, तो विसरला जात नाहीं, याचें कारण या दोन तारखांत आहे.

परंतु याच मुलखानें आणखी एक धडा दिला आहे. कोल्हापूरहून तासाभराच्या वाटेवर निपाणी आहे. १९८१ सालच्या मार्चमध्यें तेथील तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनीं, शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालीं, पुणें-बंगलोर हमरस्त्यावर ठाण मांडलें. बायकामुलांसह लोक तेथेंच राहिले, तेथेंच भाकऱ्या भाजल्या. मागणी एकच : घामाला रास्त भाव. चोविसाव्या दिवशीं, ६ एप्रिलला, गोळीबार झाला आणि बारा शेतकरी मारले गेले. रस्त्यावर बसलेल्यांत मराठी बोलणारे होते तसे कन्नड बोलणारेहि होते. गोळीनें कोणाची भाषा विचारली नाहीं. १९५६ च्या निपाणीच्या आठवणींत 'आपण' म्हणजे मराठी भाषक. १९८१ च्या निपाणीच्या आठवणींत 'आपण' म्हणजे शेतकरी. एकाच गांवाच्या पोटांत या दोन्ही आठवणी नांदतात, आणि दोन्ही खऱ्या आहेत.

मला विशेष महत्त्वाचें वाटतें तें हेंच. राजदंडाच्या घावाची आठवण दोन वाटांनीं जाऊं शकते. एक वाट सत्तेकडे जाते : ज्यानें गोळी झाडण्याचा हुकूम दिला त्याला ती जाब विचारते. दुसरी वाट शेजाऱ्याकडे जाते : हुकूम देणारा दूर असतो, तो हातीं लागत नाहीं, मग त्याची भाषा बोलणारा, त्याच्या जातीचा किंवा धर्माचा जो कोणी जवळ असेल त्याच्यावर ती राग काढते. पहिली वाट चळवळीची, दुसरी दंगलीची. सोलापूरकरांनीं पहिली वाट कशी राखली पाहा. १९३० च्या लष्करी कायद्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चौघे फांशी गेले. त्या शहरानें त्या चौघांचे पुतळे एकत्रच उभे केले. जेथें वधस्तंभानें भेद केला नाहीं, तेथें स्मारकानेंहि करूं नये, हा त्यांतला विवेक आहे.

परदेशांतहि हीच रीत दिसते. १८१९ सालीं मँचेस्टरच्या सेंट पीटर मैदानांत मताधिकार मागणाऱ्या निःशस्त्र सभेवर घोडेस्वार घालण्यांत आले. चार वर्षांपूर्वींच्या वॉटर्लूच्या विजयाला टोमणा म्हणून लोकांनीं त्याचें 'पीटर्लू' असें नांव पाडलें, आणि वीस वर्षांनीं चार्टिस्ट चळवळीच्या निशाणांवर तें नांव फडकलें. दक्षिण आफ्रिकेंत २१ मार्च १९६० रोजीं शार्पव्हिल येथें ६९ माणसें मारलीं गेलीं. वर्णभेदाचें राज्य गेल्यावर त्याच तारखेला त्या देशानें मानवी हक्कांचा दिवस म्हणून राष्ट्रीय सुटी दिली. नांव, स्थळ आणि तिथि या तीन खुंट्यांवर लोकांची स्मृति टांगलेली असते. तीनहि असल्या म्हणजे ती शंभर वर्षें टिकते. तीनहि काढून घेतल्या म्हणजे सामानगडच्या गडकऱ्यांप्रमाणें ती दगडांत मिसळून जाते.

शेवटीं एका धोक्याची सूचना दिल्यावांचून राहवत नाहीं. जी चळवळ यशस्वी होते तिच्या स्मारकाला पुढें सत्ताधारीच हार घालूं लागतात. त्यांत वाईट कांहीं नाहीं. मात्र सकाळीं हुतात्मा चौकांत हार घालणाऱ्या हातानेंच सायंकाळीं एखाद्या मोर्चावर लाठी चालविण्याच्या कागदावर सही होऊं लागली, तर तो हार मृतांच्या गळ्यांत न पडतां त्यांच्या तोंडावर पडतो. स्मारकाची खरी कसोटी दगडाच्या उंचीवर नाहीं. त्या स्मारकानें पुढची गोळी किती वेळां थांबविली, ही ती कसोटी आहे.

म्हणून श्रोत्यांना माझी विनंति इतकीच, कीं पन्हाळ्याला जाल तेव्हां चार दरवाजाच्या अवशेषांपाशीं मुलांना घडीभर उभें करा, आणि तो कोणी पाडला व कां पाडला तें सांगा. गारगोटीवरून जाल तर तेथील सातहि नांवें वाचा. मोठ्यानें वाचा. निपाणीच्या हमरस्त्यावरून गाडी वेगानें पुढें जाते. ६ एप्रिलची गोष्ट सांगावयास तेवढा वेळ पुरतो. मुलांना द्वेष शिकवूं नका. पण 'बंडाचा बीमोड झाला' या वाक्यापुढें एक प्रश्नचिन्ह काढावयास अवश्य शिकवा. ज्या प्रजेला हें प्रश्नचिन्ह काढतां येतें, तिच्यावर शस्त्र उचलण्यापूर्वीं कोणताहि राज्यकर्ता दोनदां विचार करतो.